नावाविना जीव, नोंदीविना किनारा

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी लागली, की वरळी-हाजीअलीचा काळा कातळ दूरवर उघडा पडतो. रस्त्यावरून पाहणाऱ्यास तेथे शेवाळ आणि शहराने टाकलेला कचरा एवढेच दिसते. पण त्याच कातळाच्या भेगांत आणि डबक्यांत समुद्रफुले उमललेली असतात. नावात फूल असले तरी हा प्राणी आहे. पाकळ्या वाटतात ती त्याची संस्पर्शके होत. त्यांतील सूक्ष्म दंशपेशींनी तो भक्ष्याला बधिर करतो. पाणी ओसरले की तो अंग आखडून घेतो आणि मांसल गोळ्यासारखा दिसू लागतो.

हे समुद्रफूल नेमके कोणत्या जातीचे, हा प्रश्न वरकरणी रिकामपणाचा वाटेल. तो तसा नाही. ओळख पटविणे किती कठीण आहे, याचे उदाहरण ब्रिटनच्या किनाऱ्यावर सापडते. तेथील खडकांवर लाल, तपकिरी व हिरव्या रंगांत आढळणारे 'ॲक्टिनिया इक्विना' लिनियसच्या काळापासून शास्त्राला परिचित आहे. लाल अंगावर हिरवे ठिपके असलेले, स्ट्रॉबेरीसारखे दिसणारे समुद्रफूल हा त्याचाच एक प्रकार, असे दीर्घकाळ मानले जाई. प्रजनन, आनुवंशिकता आणि परिसर यांच्या पुराव्यांवरून ती स्वतंत्र जाती असल्याचे १९८१ साली दाखविण्यात आले. शतकानुशतके ज्या किनाऱ्यांचा अभ्यास झाला तेथे ही स्थिती. मग आपल्या किनाऱ्याविषयी काय बोलावे?

आपल्याकडे या विषयाची परंपरा अगदीच नाही असे नव्हे. अ. ह. पारुळेकर यांचा मुंबईच्या समुद्रफुलांवरील निबंध १९६८ साली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमाने किनारफेऱ्या काढून सामान्य माणसाला कातळावर नेले. परंतु एका अभ्यासकाची चिकाटी आणि काही नागरिकांची हौस यांवर सारा किनारा सोडून देता येणार नाही.

कारण नाव नसलेल्या जिवाची हानी कोणत्याही हिशेबात येत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्यासाठी भराव घालताना वरळी व हाजीअली येथील प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या. कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत प्रवाळांचे नाव आहे. ते स्थलांतर कितपत योग्य, हा वादाचा मुद्दा असेल. पण त्यांची दखल घ्यावी लागली, ती त्यांना नाव होते म्हणून. शेजारच्या समुद्रफुलांसाठी कोणी कागद पुढे केला नाही.

किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांना येथे बरेच करता येण्याजोगे आहे. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी समुद्रफूल पाहतो ते बरणीतील द्रावणात, रंग उडालेले आणि आक्रसलेले. ओळखीच्या खुणा मात्र जिवंत प्राण्यावरच नीट दिसतात: संस्पर्शकांची मांडणी, अंगावरचे फोड, त्यांना चिकटविलेली वाळू व शिंपल्यांचे तुकडे, भरतीरेषेपासूनचे अंतर. अखेरचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञानेच द्यावा; परंतु तारीख, ठिकाण, ओहोटीची वेळ आणि मोजपट्टीसह छायाचित्र एवढी नोंद कोणताही विद्यार्थी करू शकतो. त्यासाठी प्राणी उपटण्याची मुळीच गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयाने अशी नोंदवही दहा वर्षे सांभाळली, तर पुढच्या भरावाच्या वेळी 'येथे काही नव्हते' असे म्हणण्याचे धाडस कोणास होणार नाही.

भरतीचे पाणी सहा तासांनी ओसरते. भराव ओसरत नाही. नोंद व्हावयाची ती त्यापूर्वीच झाली पाहिजे.