नापास कोण?

गोष्ट २०२५ च्या नोव्हेंबरातली. भर दुपारी दोन तास मी कॉम्प्युटरसमोर बसून एक पत्र ऐकायचा प्रयत्न करत होते. पत्र निवृत्तिवेतनाचं, एका कार्यालयाने ईमेलने पाठवलेलं. कॉम्प्युटरने कागदाचं नाव सांगितलं आणि गप्प बसला. बाण दाबला, गप्प. आवाज वाढवला, पत्र बंद करून पुन्हा उघडलं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. गप्प ते गप्पच!

'ऐकायचा' हा शब्द वाचून नव्या वाचकांना नवल वाटेल. काचबिंदूने माझी नजर दहा वर्षांपूर्वीच नेली. तेव्हापासून मी स्क्रीन रीडरवर वाचते आणि लिहिते. हा एक प्रोग्राम असतो. पडद्यावर जी अक्षरं असतील ती तो बोलून दाखवतो, आणि माऊसऐवजी सगळी कामं कळांनी करू देतो. विंडोजवर माझ्याकडे एनव्हीडीए होता. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला. तो स्वतः अंध, पुढे त्याला येऊन मिळालेला जेम्स तेहही अंध. दुसरे स्क्रीन रीडर फार महाग म्हणून यांनी आपला तयार केला आणि जगाला फुकट दिला. मी त्या दोघांना मनातल्या मनात रोज एकदा तरी आशीर्वाद देते. असो.

तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला जे लागतं ते माझ्या जुन्या यंत्रात नव्हतं. नातू म्हणाला, "आजी, नवा घेऊया." मी म्हटलं, चालतंय ते भंगारात टाकायचं नाही. मग त्याने त्याच यंत्रावर लिनक्स घातलं. तिथला स्क्रीन रीडर निराळा, त्याचं नाव ऑर्का.

डोळसांना वाटतं, त्यात काय एवढं? चार चित्रं इकडची तिकडे झाली असतील, शोधायची. पण मला शोधायला डोळे नाहीत, माझी सगळी विद्या बोटांत. वीज गेल्यावर आपण आपल्या स्वयंपाकघरात न चाचपडता काडेपेटी काढतो ना, तशी. आता समजा, कोणी रात्रीतून सगळे डबे हलवले तर? एनव्हीडीएत इन्सर्ट आणि टी दाबलं की आपण कुठल्या खिडकीत आहोत ते तो सांगतो. ऑर्कात तेच दाबलं की घड्याळ! मी विचारतेय, "बाबा, मी कुठे आहे?" आणि तो सांगतोय, "दहा वाजून चाळीस मिनिटं." इन्सर्ट आणि स्पेसबार म्हणजे पूर्वी वाचणं आणि लिहिणं यांतली अदलाबदल. इथे त्याच कळांनी सेटिंगची भलीमोठी खिडकी उघडते. पहिल्या आठवड्यात ती मी किती वेळा उघडली आणि तिच्यात काय काय बिघडवून ठेवलं, ते नातवालाच ठाऊक. एच दाबलं की पुढचा मथळा, हे मात्र दोन्हीकडे सारखं. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं.

ऑर्कात एक शिकण्याची सोय आहे. इन्सर्ट आणि एच दाबायचं. मग कुठलीही कळ दाबली तर ती कळ काम करत नाही, आपलं काम काय ते नुसतं सांगते. मी रोज सकाळी चहानंतर अर्धा तास, शाळेत पाढे म्हणून घ्यायची तशी, स्वतःकडूनच पाठ म्हणून घेतला. आवाज ईस्पीकचा, डबा वाजवावा तसा खणखणीत. 'चमचा'तला च आणि 'चंद्र'मधला च त्याला कधी जमतो, कधी नाही. त्याला मी दोष देत नाही. आपल्या लिपीनेच दोन्हींना एक अक्षर दिलंय, ते बिचारं यंत्र काय करणार? चार आठवड्यांत मी पत्रं लिहू लागले, वर्तमानपत्रांची पानं ऐकू लागले. वय वर्षं चौऱ्याहत्तर. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

आता त्या पत्राकडे येते. दोन तास मी काय करत होते ठाऊक आहे? स्वतःलाच दोष देत होते. कुठली तरी कळ विसरले असेन. सेटिंगमध्ये काही बिघडवलं असेल. वय झालं आता, हे आपल्याला झेपणारं नाही... संध्याकाळी नातवाला फोन केला, पत्र त्याच्याकडे पाठवलं. तो हसला, "आजी, यात अक्षरंच नाहीत. हा फोटो आहे."

म्हणजे त्या कार्यालयात कोणी तरी पत्र कॉम्प्युटरवर छान टाईप केलं. तेव्हा अक्षरं होती! मग ते कागदावर छापलं, शिक्का मारला, सही केली आणि त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवला. यंत्राला वाचता येईल अशी वस्तू हातात होती. ती कष्ट घेऊन, शाई खर्चून न वाचता येणारी केली!

दुसरा प्रकार तर याहून विनोदी. युनिकोड यायच्या आधीचे कृतिदेवसारखे फॉन्ट होते. त्यांत पडद्यावर दिसतं मराठी, आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. 'मराठी' हा शब्द कृतिदेवात लिहिला आणि माझ्या स्क्रीन रीडरला एकेक अक्षर विचारलं, की तो म्हणतो, "ई, जे, के, बी, एच." झाली मराठी! त्या काळी दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. पण युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि घरोघरी कॉम्प्युटरवर युनिकोडात मराठी लिहिता येऊ लागूनही वीसेक वर्षं झाली. तरी अजून कुठल्या ना कुठल्या संस्थेचं परिपत्रक येतं आणि माझ्या कानात ई-जे-के-बी-एच सुरू होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा पेढे वाटले. मीही खाल्ला. माझ्या ईमेलात त्याने काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस वाईट नव्हता, अगदी अदबीने बोलत होता. म्हणाला, "आजी, सही-शिक्का दिसायला लागतो ना, म्हणून स्कॅन करतो." मी म्हटलं, करा की, पण त्याच्यासोबत मूळ टाईप केलेली फाईलही जोडा. एक जास्तीचं बटण. तो जरा थांबला आणि म्हणाला, "पण घरात वाचून दाखवणारं कोणी नाही का?"

हा प्रश्न मला चावतो. विचारणाऱ्याला वाटतं, आपण सोय सुचवतोय. वाचून दाखवणारे आहेत हो, प्रेमाने वाचतात. ते पत्र शेवटी शेजारच्या सूनबाईंनीच वाचलं. हयातीचा दाखला महिनाअखेरपर्यंत द्यायचा होता, आणि खाली माझ्या फरकाच्या रकमेचा तक्ता. तिने सगळे आकडे मोठ्याने वाचले, मी ऐकते म्हणून जरा जास्तच मोठ्याने. चार दिवसांनी भाजीवाली मला म्हणाली, "बाई, आता काय, तुमची चंगळ!" सूनबाईंवर माझा राग नाही. पण माझ्या वयाच्या डोळस बाईला आपली पासबुकं गल्लीला दाखवावी लागत नाहीत. मला का लागावीत?

कोणी म्हणेल, फोटोतली अक्षरं ओळखणारे प्रोग्राम निघालेत. निघालेत, वापरतेही. सरळ छापलेलं पान बरं वाचतात. पण वाकडा स्कॅन, अक्षरांवर शिक्का आणि त्यात तक्ता, अशा कागदावर १ चा ९ झाला तर मला कळणार कसं? तपासून घ्यायला पुन्हा शेजारच्या सूनबाईच!

आणि ही काही मी दयेची मागणी करत नाही. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर आम्हाला वापरता येईल अशा रूपात असावा, असं तो सांगतो. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. अंमलबजावणी कोणी करायची? जो फोटो काढतो त्यानेच ना?

इथे मला माझंही एक सांगितलं पाहिजे. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. चाचणीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईल करायचो, शाई फिकट, कडा पुसलेल्या. वर्गात एक मुलगा होता, त्याला फार कमी दिसायचं. त्याने एकदा सांगितलं, "बाई, वाचता येत नाही." मी त्याच्या बाकावरच्या मुलाला म्हटलं, "याला वाचून दाखव रे." आणि पुढे गेले. हाताने चार प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला मला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला. सहामाहीला मी त्याच्या मराठीच्या पेपरावर लाल शाईने 'अभ्यास कमी' लिहिलं. त्याच्या प्रगतिपुस्तकात ते अजून असेल.

म्हणून त्या फोनवरच्या माणसावर मला ओरडता आलं नाही. पण गप्पही बसता येईना. चौऱ्याहत्तराव्या वर्षी चार आठवड्यांत मी अख्खं नवं यंत्र शिकले, तर पगारी नोकरी करणाऱ्याला एक जास्तीची फाईल जोडायला शिकायला किती वर्षं लागावीत? मी ऑर्कावर, युनिकोडात, दीड पानी पत्र लिहिलं. कायद्याचं नाव घातलं, कुठलं बटण दाबायचं तेही घातलं. शुद्धलेखन दोनदा ऐकून तपासलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. उघडलं. ऑर्काने कागदाचं नाव सांगितलं आणि गप्प बसला.

या वेळी मी सेटिंगला हात लावला नाही. दुसरं पत्र लिहायला घेतलंय, वरच्या साहेबांना.