बाटलीवरचा रंग आणि आतले विष

सांगली जिल्ह्यातील आष्टा आणि भोवतालची गावे म्हणजे ऊस आणि हळदीचा पट्टा. येथील शेतकरी कृषी सेवा केंद्रातून फवारणीची औषधे नेतो. शहरातील गृहिणी झुरळ-डासांची औषधे किराणा दुकानातून आणते. या दोन्हींवर कायद्याने एकच खूण असावी लागते : चौकोनातील रंगीत त्रिकोण. ही खूण नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालील नियम १९७१ चे. त्यांनुसार लाल रंग अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारीपणा दर्शवतो. प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतील एवढी मात्रा हा त्याचा आधार. तोंडावाटे दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेनेच असे घडत असेल, तर लाल. ५ हजार मिलिग्रॅमहून अधिक लागत असेल, तर हिरवा.

म्हणजे रंग बोलतो तो एकाच वेळी पोटात किंवा त्वचेवाटे गेलेल्या मात्रेविषयी. दिवसेंदिवस अंगावर आणि श्वासात जाणाऱ्या फवाऱ्याविषयी तो मौन पाळतो. विषावर उतारा आहे की नाही, हेही त्यावरून कळत नाही. पॅराक्वाट या तणनाशकावर पिवळा त्रिकोण असतो. पण त्यावर खात्रीचा उतारा वैद्यकशास्त्राकडे नाही. लाल नाही म्हणून निर्धास्त राहणे येथे जिवावर बेतू शकते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० जण दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. बाटलीवर खूण छापल्याने कायद्याचे पालन होते, माणसाचे रक्षण होतेच असे नाही, हा त्याचा धडा. बारीक अक्षरातील माहितीपत्रक शेताच्या बांधावर कोण वाचणार? त्यातून औषध सुटे विकले गेले, तर खूणही मागेच राहते.

शहरी घरात तर वेगळीच विसंगती आहे. डासांच्या औषधावर त्रिकोण असतो. पण शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल कीटकनाशक कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर तो नसतो. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये सर्व रसायनांसाठी समान धोकाचिन्हांची पद्धत मांडली; युरोपीय संघाने २००८ मध्ये त्यावर आधारित कायदा केला. आपल्याकडेही ठळक चिन्हे, सुवाच्य मराठी मजकूर आणि विक्रेत्याने तोंडी समज देण्याची सक्ती, या तिन्हींची जोड हवी. वाचता न येणाऱ्यालाही कळेल, तोच खरा इशारा.