संगणक-मित्र : दोन सरकपट्ट्या आणि कर्जाचा हप्ता



बचत गटासाठी संकेतस्थळ तयार करणाऱ्या एका भगिनीचा प्रश्न आला आहे. पानावर दोन सरकपट्ट्या, म्हणजे स्लायडर, आहेत. एक कर्जाच्या महिन्यांची, दुसरी मासिक हप्त्याची. एक हलविली की दुसरीने आपोआप योग्य जागी जावे, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात पट्ट्या उड्या मारतात आणि आकडे भलतेच येतात. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु त्या पानावरचा आकडा पाहून एखादी माउली कर्जाच्या कागदावर सही करणार आहे. म्हणून जरा बारकाईने पाहू.

उदाहरण घेऊ. कर्ज ५०,००० रुपये, व्याज वार्षिक १२ टक्के, म्हणजे महिना १ टक्का. १२ महिन्यांत फेडायचे तर हप्ता सुमारे ४,४४२ रुपये आणि एकूण फेड सुमारे ५३,३०९. २४ महिन्यांत हप्ता २,३५४ वर येतो, पण एकूण फेड ५६,४८८ होते. हे आकडे आधी कागदावर काढून ठेवावेत. संगणक बरोबर की चूक, हे ताडून पाहण्यास दुसरा उपाय नाही.

पहिली खोड जावास्क्रिप्टची. सरकपट्टीची व्हॅल्यू संख्या म्हणून मिळत नाही, अक्षरांची माळ म्हणून मिळते. गुणाकार-भागाकार करताना जावास्क्रिप्ट तिची संख्या करून घेते, बेरजेत मात्र नुसती जोडते. ५०,००० मध्ये ५०० रुपये शुल्क मिळविले की उत्तर ५०,५०० न येता ५,००,००,५०० येते! पाच कोटींचे कर्ज पाहून कोणीही सावध होईल, हे त्यातल्या त्यात बरे. व्हॅल्यू वाचताच ‘नंबर’ या फंक्शनमधून काढावी.

दुसरी गोष्ट इव्हेंटची. पट्टी ओढत असताना ‘इनपुट’ हा इव्हेंट सतत येतो, सोडल्यावर ‘चेंज’ येतो. पण पट्टीची व्हॅल्यू आपल्या कोडने बदलली तर यांपैकी काहीच येत नाही. त्यामुळे दुसरी पट्टी हलते, पण तिच्या शेजारचा आकडा जुनाच राहतो. यावर पुष्कळजण स्वतःच इव्हेंट सोडतात. मग पहिली दुसरीला हलविते, दुसरी पहिलीला, आणि हा खो-खो काही थांबत नाही. एफ-१२ दाबून कन्सोल उघडला की क्रोममध्ये ‘मॅक्झिमम कॉल स्टॅक साइझ एक्सीडेड’ अशी तक्रार दिसते.

तिसरी अडचण अधिक नाजूक. कोणी हप्ता ३,००० वर नेला. हिशेबाने १८.३ महिने येतात. महिन्यांची पट्टी पूर्णांकाची, ती १८ वर बसते. १८ महिन्यांचा हप्ता पुन्हा काढला तर ३,०४९ येतो, आणि बोटाखालची पट्टी ३,००० वरून निसटते. म्हणून हातात धरलेल्या पट्टीत कोडने ढवळाढवळ करू नये. तिचा आकडा बोट उचलल्यावर, ‘चेंज’च्या वेळी जुळवावा.

आता सर्वांत घातक प्रकार. या कर्जाचे पहिल्या महिन्याचे व्याजच ५०० रुपये आहे. हप्ता ४०० ठेवला तर हे कर्ज जन्मात फिटणार नाही. महिने काढण्याच्या सूत्रात तेथे ऋण संख्येचा लॉगरिदम येतो आणि जावास्क्रिप्ट ‘नॉट अ नंबर’ असे उत्तर देते. ते पट्टीला दिले की ब्राउझर कुरकुर करीत नाही. पट्टी निमूटपणे मध्यावर जाऊन बसते. ६ ते ६० महिन्यांच्या पट्टीचा मध्य ३३. म्हणजे न फिटणारे कर्ज ३३ महिन्यांत फिटेल, असे पान सांगते! पाच कोटी कोणाच्याही डोळ्यांत भरतात, ३३ महिने भरत नाहीत.

उपाय असा. मुद्दल, व्याजदर व महिने हे तीनच आकडे एका ठिकाणी ठेवावेत. कोणतीही पट्टी हलली की आधी ते बदलावेत, आणि मग एकाच फंक्शनने धरलेली पट्टी सोडून बाकी सर्व चित्र नव्याने मांडावे. पट्ट्यांनी एकमेकींशी परस्पर बोलू नये. हप्त्याच्या पट्टीची खालची मर्यादा ६० महिन्यांच्या हप्त्याएवढी, म्हणजे येथे सुमारे १,११२ ठेवावी. मुद्दल बदलले की तीही बदलावी. क्रमही पाळावा : आधी मर्यादा, नंतर व्हॅल्यू. उलट केले तर जुन्या मर्यादेबाहेरची व्हॅल्यू ब्राउझर स्वतःच कापतो.

एवढे झाल्यावर कागदावरचे ४,४४२ आणि २,३५४ पानावर येतात का ते पाहावे. मग हप्त्याची पट्टी अगदी डाव्या टोकाला न्यावी. महिने ६० दाखवीत असतील तर पान गटातील भगिनींच्या हाती द्यायला हरकत नाही.