कोर्टवरची वेणी

टीव्हीवर टेनिस बघताना खेळाडूंचे केस दिसतात, पण त्यांचं ओझं कळत नाही. ते कळायला कोर्टाच्या कडेला, अगदी खालच्या रांगेत बसावं लागतं. सर्व्हिससाठी चेंडू वर जातो, पाठीची कमान होते, वेणी मागे कमरेपर्यंत सुटते. आणि रॅकेट खाली आली की तीच वेणी खांद्यावरून उसळून गालावर येते. पहिल्या सेटमध्ये ती हलकी असते. तिसऱ्या सेटपर्यंत घामानं भिजून दोरखंड झालेली असते. दोन पॉइंटच्या मधल्या काही सेकंदांत खेळाडू चेंडू निवडते, टॉवेलनं तोंड पुसते आणि डाव्या हातानं कानामागे बट खोचते. हे सगळं इतक्या जवळून बघायला मिळणं हे छोट्या स्पर्धांचं खरं सुख आहे, आणि म्हणून मी त्या चुकवत नाही.

मुंबईत चर्चगेटला, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या (सीसीआय) कोर्टांवर होणारी मुंबई ओपन ही अशीच स्पर्धा. दर्जानं ती डब्ल्यूटीए १२५, म्हणजे महिला टेनिसच्या मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची. टीव्हीवरची ओळखीची नावं तिथे फारशी नसतात, पण उद्याची असू शकतात. २०१७ साली ही स्पर्धा आरिना सबालेंकानं जिंकली होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढे ती जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोइंबतूरची माया राजेश्वरन रेवती पंधराव्या वर्षी पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीत पोचली. तिला हरवणारी स्वित्झर्लंडची जिल टाइखमान पुढे विजेती ठरली. इतकी लहान मुलगी, समोर कितीतरी जास्त अनुभवी बायका, आणि ही बेसलाइन सोडायला तयार नाही. असा खेळ बघितला की आठवडाभर अंगात हुशारी राहते.

या स्पर्धेला मी माझ्या भाचीला घेऊन गेले होते. ती सातवीत आहे, पुण्यात टेनिस शिकते, आणि तिचे केस कमरेखाली पोचतात. तिच्या घरी तेव्हा एकच विषय चालू होता. कोचसरांनी सांगितलं होतं, खेळायचं असेल तर केस कापा. तिच्या आईलाही ते पटलं होतं. सकाळी सहाला कोर्टवर पोचायचं, त्याआधी दोन वेण्या घालायच्या, डबा भरायचा; आईच्या जिवाची धावपळ होते, हे खरंच आहे. भाचीला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "मावशी, मला नाही कापायचे. पण सर म्हणतात तसंच असेल ना?"

तिथे बसल्या बसल्या मी तिला म्हटलं, समोर बघ आणि तूच सांग. एकीची खजूर वेणी, टाळूपासून घट्ट घातलेली. एकीचा उंच पोनीटेल टोपीच्या मागच्या फटीतून काढलेला. एकीनं दोन बारीक वेण्या घालून मागे त्या एकत्र बांधलेल्या. एकीचे केस मानेपर्यंत कापलेले. कोर्ट बदलताना नव्वद सेकंद मिळतात. तेवढ्यात एक खेळाडू बर्फाचा टॉवेल मानेवर ठेवून केस पूर्ण सोडायची, झटकायची, परत बांधायची आणि पाणी पिऊन उठायची. भाची सामना कमी आणि हेच जास्त बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, हिची आई कुठेय? ही स्वतःच बांधते!" त्या एका वाक्यात सगळा प्रश्न आला.

आपल्याकडे मुलगी खेळायला लागली की पहिली कात्री केसांना लागते. ज्या मुलीला आखूड केस आवडतात तिनं खुशाल कापावेत. त्यात वावगं काहीच नाही, आणि उन्हाळ्यात सोयही असते. पण पुष्कळदा तो निर्णय मुलीचा नसतोच. केसांची निगा राखायला घरात कुणाला वेळ नसतो, मुलीला स्वतःची वेणी घालायला कुणी शिकवलेलं नसतं, आणि या अडचणीला खेळाची शिस्त असं नाव दिलं जातं. बारा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढंच कळतं की खेळ आणि आपलं आवडतं काहीतरी यांतलं एक सोडावं लागणार. अशा वेळी काही मुली केस सोडत नाहीत, खेळ सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं.

टेनिसच्या इतिहासात केसांचे प्रश्न काही कमी नाहीत, आणि खेळाडूंनी ते आपापल्या परीनं सोडवलेत. १९२० च्या दशकात सुझान लाँग्लेन डोक्याला रंगीत रेशमी पट्टा गुंडाळून खेळायची. केस आवरायचे, घाम अडवायचा, आणि शिवाय देखणं दिसायचं, ही तिन्ही कामं त्या पट्ट्यानं केली. तिला बघून सामान्य बायकाही तसा पट्टा बांधू लागल्या. १९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये लिंडसे डेव्हनपोर्टविरुद्ध खेळताना अठरा वर्षांच्या व्हीनस विल्यम्सच्या वेणीतले मणी कोर्टवर सांडले आणि पंचांनी तिला एका पॉइंटचा दंड केला. व्हीनस त्यावर पंचांशी वाद घालताना फार दुखावलेली दिसली होती. ते मणी तिची आणि तिची बहीण सेरेनाची ओळख होते. नियमाच्या चौकटीत पंच बरोबर असतीलही. पण आपले केस आपल्या माणसांसारखे बांधून आलेल्या मुलीचे तेच केस एवढ्या मोठ्या मैदानात गुन्हा ठरतात, ही गोष्ट मला अजून बोचते.

आणि मग स्वेतलाना कुझनेत्सोवा. २०१६, सिंगापूर, वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स स्पर्धा, समोर गतविजेती अग्नियेश्का रादवान्स्का. तिसऱ्या सेटमध्ये कोर्ट बदलताना कुझनेत्सोवानं पंचांकडे कात्री मागितली आणि बाकावर बसून स्वतःच्या वेणीचा शेंडा कापून टाकला. फोरहँड मारला की ओले, जड केस डोळ्यावर आपटत होते. परत उठली, एक मॅच पॉइंट वाचवला आणि सामना ७-५, १-६, ७-५ असा जिंकला. मुलींच्या केसांवर कात्री चालवायची म्हणणाऱ्यांनी हा सामना जरूर बघावा. कारण ती कात्री तिनं स्वतः मागितली, स्वतः चालवली, आणि कापलं ते हवं तेवढंच. पुढच्या आठवड्यात पश्चात्ताप झाला तर तोही तिचाच. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. अँडी मरेनं २०१५ मध्ये लंडनला नदालविरुद्ध खेळताना डोळ्यावर येणारी बट मध्येच कापली होती. आंद्रे अगासीनं तर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की १९९० च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्याआधी त्याचा केसांचा टोप तुटला, तो कसाबसा पिनांनी बसवला आणि सामनाभर टोप पडेल याच भीतीत तो खेळला. तो सामना तो हरला.

आता निगेचं. मी स्वतः लांब केसांची आहे आणि दिवसभर उन्हात बसून सामने बघते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. भाचीसाठी आम्ही दोघींनी मिळून जे ठरवलं ते माझ्या अनुभवाचं आहे.

सगळ्यात आधी खोबरेल. केस धुवायच्या आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी, थोडंसं, विशेषतः टोकांना. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. पाण्यानं केस फुगतो, सुकला की आकसतो, आणि रोजच्या या फुगण्या-आकसण्यात वरची खवल्यांची साल उचकटते. खेळणाऱ्या मुलीचे केस घामानं रोज भिजतात, शिवाय ऊन असतंच. मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात केसांतून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं कमी झालेलं आढळलं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवून ते वाचावं. पण दिलेलं कारण पटतं: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असते, म्हणून ते केसाच्या आत शिरतं, इतर तेलं बरीचशी वरच राहतात. आमच्या आज्या जे करत आल्या त्याला प्रयोगशाळेत आधार मिळाला, याचा मला आनंद आहे. निळ्या बाटलीतलं असो की लाकडी घाण्याचं, मला दोन्ही चालतं. वासासाठी मन घाण्याच्या तेलाकडे जातं. मात्र सामन्याआधी डोक्यावर तेल थापू नये. घामाबरोबर ते कपाळावर उतरतं, डोळ्यांत जातं, धूळ चिकटते.

रविवारी शिकेकाई. आमच्या घरच्या पुडीत शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचरा, थोड्या मेथ्या आणि वाळवलेली संत्र्याची साल असते. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस त्यामुळे येतो. पुण्याच्या पश्चिमेकडच्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरचं, बहुतेकदा बोअरचं जड पाणी मिळतं. त्या पाण्यात साबणानं केस धुतले तर वर चिकट थर बसतो. शिकेकाईचं तसं होत नाही. तरीही मी शाम्पूची वैरीण नाही. रोज खेळणाऱ्या मुलीला रोज शिकेकाई वाटत बसणं शक्य नाही. आठवड्यात एकदोनदा सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू फक्त टाळूला लावावा, टोकांना कंडिशनर, आणि बाकीच्या दिवशी नुसत्या पाण्यानं घाम काढून टाकावा. कंडिशनर लावलेले केस बोटांनीच सुटतात, तेव्हा गुंत्याशी झटापट करावी लागत नाही.

पुसायला पंचा. जाड टर्किश टॉवेलनं खसाखसा घासले की ओले केस तुटतात. सुती पंचा गुंडाळून ठेवला की पाणी आपोआप टिपलं जातं. मग रुंद दातांचा लाकडी कंगवा, टोकाकडून वर. सुकल्यावर टोकांना सिरमचे दोन थेंब. माझ्या कपाटातली आवडती बाटली तीच, कारण दिवसभर समुद्राच्या वाऱ्यात सीसीआयवर बसून आल्यावर केस सुटतात ते तिच्यामुळे. ओले केस कधी बांधून ठेवू नयेत. वास येतो, डोकं खाजतं.

बांधायला साधा रबरबँड नको, कापडाची स्क्रंची हवी. वेणी घट्ट असावी, पण कपाळ ताणलं जाईल इतकी नाही. रोज एकाच जागी ओढून बांधले तर कपाळावरची केसांची रेषा हळूहळू मागे सरकते, आणि फार काळ तसंच चाललं तर गेलेले केस परत येत नाहीत. म्हणून एक दिवस मधली वेणी, एक दिवस दोन, एक दिवस खालचा आंबाडा. भांगाची जागा उन्हात भाजते, हे कुणी सांगत नाही. खेळणारीला टोपी असते. प्रेक्षक मात्र दुपारभर उघड्या डोक्यानं बसतात. पुण्यात स्कूटरवरच्या मुली डोक्याला स्कार्फ गुंडाळतात, तसा मी स्टँडमध्येही गुंडाळते.

पुण्यात परतल्यावर भाची वेणी घालायला शिकली. आरशात बघून आधी तीनपेडी, मग हात मागे नेऊन खजूर. बाहू दुखायचे, पेड सुटायचे, पण ग्रिप शिकताना जी चिकाटी ती दाखवते तीच इथेही दाखवली. आता सकाळी आई डबा भरते तोवर हिची वेणी तयार असते, आणि कात्रीचा विषय घरात निघत नाही. कोचसरांना तिनं स्वतः सांगितलं, "सर, केस डोळ्यावर येणार नाहीत. आले तर मी कापीन." सर हो म्हणाले.

भाचीसारख्या मुलींसाठी उदाहरणं लांब नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातच, बालेवाडीला, बिली जीन किंग कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेचे सामने झाले, तेव्हा भारताच्या संघात बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती. प्रार्थनानं २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ मध्ये तिच्याबरोबरच रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. बार्शीसारख्या गावातून मुलगी तिथवर जाते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक टेनिस खेळणाऱ्या मुलीला माहीत असायला हवं.

बालेवाडीत आणि सीसीआयवर खेळाडूंना चांगल्या लॉकर रूम मिळतात. भाचीच्या वयाच्या मुली खेळतात त्या लहान स्पर्धांमध्ये मी वेगळंच बघते. मुलींना कपडे बदलायला एखादी गोदामवजा खोली, नळाला पाणी नाही, आरसा तर नाहीच. सामना संपला की घामानं चिंब केस तसेच बांधून मुली पुढच्या सामन्याची वाट बघत उन्हात बसतात. ज्या क्लबांमध्ये आणि जिल्हा क्रीडा संकुलांमध्ये या स्पर्धा होतात त्यांच्याकडे माझी मागणी आहे: मुलींसाठी आतून कडी लागणारी स्वच्छ खोली, नळाला पाणी, भिंतीवर एक मोठा आरसा आणि खाली बाक. स्पर्धेच्या परिपत्रकात चेंडूची जात आणि ड्रॉची तारीख छापतात, तशी या चार गोष्टींचीही ओळ छापा. पालकांनी प्रवेशफी भरताना ती ओळ आहे का ते बघावं, नसेल तर विचारावं.