गांजा सोडणाऱ्या बाईच्याही पाठीशी उभे राहा

सिल्लोडकरांनो, घरातला पोरगा गांजा सोडतो म्हणाला, की सगळं घर त्याच्या मागे उभं राहतं. तेच सून किंवा लेक म्हणाली, तर आधी अब्रू आठवते. मग ती बिचारी एकटीच सोसते. हे थांबायला हवं.

रोज ओढणाऱ्याने गांजा बंद केला, की एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. चिडचिड, बेचैनी, घाम. भूक मरते, झोप उडते, लागलीच तर वाईट स्वप्नं पडतात. पहिला आठवडा सर्वांत अवघड. साधारण दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं, पण झोपेची तक्रार महिनाभरही राहू शकते.

गांजा ओढणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त आहेत. तरी सोडतानाचा त्रास बायकांना अधिक होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. विशेषतः मळमळ, पोटदुखी, चिडचिड आणि अस्वस्थता. पहिल्या झुरक्यापासून व्यसन जडेपर्यंतचा काळही त्यांच्यात बऱ्याचदा कमी असतो. त्यात पाळी आली, की पोटात कशाने दुखतंय हेच कळत नाही. घरचे म्हणतात पित्त झालं, नाहीतर अंगात आलं. त्रास असह्य झाला, की ती पुन्हा गांजाकडे वळते, आणि दोष मात्र तिच्या स्वभावाला लागतो.

म्हणून गांजा सोडल्यानंतरचे हे दोन आठवडे जपा. जुनी भांडणं उकरू नका, टोमणे मारू नका. पेज, ताक, मऊ भात थोडा-थोडा द्या. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका. उलट्या थांबत नसतील, भास होत असतील किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर तिला लगेच दवाखान्यात न्या. पुरुषाच्या बाबतीतही हेच करा. त्याच्या रागाखाली उदासी दडलेली असू शकते.

सिल्लोडच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा, किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करत आहे. तिथे बायकांसाठी स्वतंत्र सोय आहे. पोलिसांच्या भीतीनेही अडू नका. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं कलम ६४-अ, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं.

तिला आज विचारा, "काय त्रास होतोय?" आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.