औषधाची मात्रा कोणी ठरवायची?

फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचारांत गेल्या दशकात झालेली प्रगती तीन उपचारांच्या जोडणीतून साधलेली आहे. पेशी मारणारी रसायने आणि गाठीवर सोडले जाणारे किरण ही दोन साधने जुनी. रुग्ण त्यांना ‘केमो’ आणि ‘लाइट’ किंवा ‘शेक’ या नावांनी ओळखतात. तिसरे साधन नवे आहे. कर्कपेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जो लगाम घालतात तो सैल करणारी औषधे आता हाती आली आहेत. ज्या रेणूमुळे हा लगाम लागतो, त्यांपैकी एक क्योतो विद्यापीठातील तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधून काढला. या क्षेत्रातील कार्यासाठी होन्जो आणि अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या तिघांच्या जोडणीमागे तर्क आहे. रसायने व किरण यांनी गाठीतील पेशी फुटल्या की त्यांचे अवशेष संरक्षक पेशींच्या दृष्टीस पडतात आणि शत्रूची ओळख पटते. अशा वेळी लगाम सैल केला तर शरीर स्वतःच लढू लागते. हा तर्क प्रयोगाच्या कसोटीवरही उतरला. शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेल्या, परंतु छातीपुरत्याच मर्यादित असलेल्या तिसऱ्या टप्प्यातील ७१३ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. केमो आणि किरणोपचार एकत्र दिल्यानंतर त्यांपैकी काहींना वर्षभर ड्युर्व्हाल्युमॅब हे औषध देण्यात आले. २०१७ साली तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांचा रोग पुन्हा बळावण्यापर्यंतचा काळ ५.६ महिन्यांवरून १६.८ महिन्यांवर गेला. पाच वर्षांनी औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ४३ जण हयात होते. न मिळालेल्यांपैकी शेकडा ३३. शरीरभर पसरलेल्या रोगात केमोला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिल्यावर वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा ४९ वरून ६९ वर गेल्याचे २०१८ साली दिसून आले.

हे यश खरे आहे, तशा त्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. जोडणीचा क्रम महत्त्वाचा असतो. तेच ड्युर्व्हाल्युमॅब किरणोपचारांच्या बरोबरीनेच सुरू केले तर अधिक लाभ होत नाही, असे २०२३ साली दुसऱ्या चाचणीत आढळले. ज्यांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असतात, त्यांना या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी गोळ्यांच्या स्वरूपातील निराळे उपचार आहेत, आणि भारतातील रुग्णांत अशांचे प्रमाण लक्षणीय आहे. फुप्फुसाला सूज येण्यासारखे गंभीर दुष्परिणामही संभवतात. तपासणी न करता महागडे इंजेक्शन लिहून देणे हा म्हणूनच रुग्णाच्या आशेचा बाजार मांडण्याचा प्रकार ठरतो.

तथापि भारतातील बहुसंख्य रुग्णांचा प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. २०२२ साली देशात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असावेत, यातच सारे आले. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त या लक्षणांवर अनेकांना आधी क्षयाचीच औषधे महिनोन्‌महिने दिली जातात. निदान होईपर्यंत तिसरा टप्पा उलटून गेलेला असतो. वेळेत निदान झाले तरी किरणोपचारांसाठी आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे सहा आठवडे यंत्राखाली जावे लागते. दहा लाख लोकांमागे किमान एक यंत्र असावे असा संकेत आहे. भारतात आहेत ती यंत्रे गरजेच्या निम्म्याच्या आसपास, आणि तीही प्रामुख्याने मोठ्या शहरांत. रोजंदारी सोडून दीड महिना परगावी राहणे शेतमजुराला कसे परवडावे? परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरील पदपथावर पथारी टाकून राहणारी कुटुंबे याचे उत्तर वर्षानुवर्षे देत आली आहेत. नवे औषध किरणोपचारांनंतरच फळ देणार असेल, तर ज्याला किरणच मिळाले नाहीत त्याला त्या औषधाची वार्ता ऐकून काय लाभ?

या पायऱ्या कोणी ओलांडल्याच, तर पुढे किमतीची भिंत उभी राहते. ड्युर्व्हाल्युमॅबच्या एकेका मात्रेची छापील किंमत लाखांत आहे, आणि मात्रा वर्षभर घ्यायच्या असतात. २०२४ च्या अर्थसंकल्पात या औषधावरील सीमाशुल्क रद्द झाले. ते योग्यच झाले. परंतु ज्याला शंभरातले पाच रुपयेही जमवता येत नाहीत, त्याला दहांची सूट देऊन औषध त्याच्या हाती पडत नाही.

येथे एक मूलभूत प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. किंमत कोण ठरवतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण औषधाची मात्रा कोण ठरवतो? केमोच्या बाबतीत रुग्णाला सोसेल तितकी अधिक मात्रा द्यावी, हा नियम रूढ झाला. लगाम सैल करणाऱ्या औषधांना तो तसाच लागू होत नाही. लगामाचे टोक एकदा व्यापले गेले की अधिक औषध ओतून अधिक परिणाम साधेलच असे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबची किलोमागे २ मिलिग्रॅम आणि १० मिलिग्रॅम मात्रा सारखीच परिणामकारक ठरली. तरीही बाजारात सर्वांसाठी सरसकट २०० मिलिग्रॅमची मात्रा रूढ झाली. पन्नास किलोच्या माणसाला किलोमागे २ या हिशेबाने १०० मिलिग्रॅम पुरते. उरलेल्या निम्म्याचे पैसे मात्र त्यालाच मोजावे लागतात.

टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकले. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांची त्यांनी चाचणी घेतली. स्वस्त, तोंडावाटे घ्यायच्या केमोला त्यांनी निव्होल्युमॅबची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी जोडली. दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम या प्रचलित मात्रेशी ताडून पाहता हा अठरावा हिस्सा होतो. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ वर गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पूर्ण मात्रेशी तुलना नव्हती आणि रोगही निराळा होता, हे विसरता कामा नये. फुप्फुसाच्या कर्करोगात, आणि विशेषतः किरणोपचारांनंतर, अल्प मात्रा पुरेशी आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु ते तपासून पाहिलेच पाहिजे, इतके निश्चितपणे सिद्ध होते.

यावर आक्षेप येईल की श्रीमंताला पूर्ण औषध आणि गरिबाला चिमूटभर, ही कसली समता? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर चाचणीनेच मिळू शकते. अल्प मात्रा अपुरी ठरली तर पूर्ण मात्रा मिळवण्यासाठी झगडावे लागेल. ती पुरेशी ठरली तर श्रीमंतालाही तीच द्यावी. समता तिथेच साधेल. मात्र आपला माल अठराव्या हिश्शात भागतो हे सिद्ध करण्यासाठी कोणती कंपनी पैसा खर्च करील? हे काम सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक रुग्णालयांतच व्हावयास हवे.

या देशाला हा मार्ग अपरिचित नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय औषध उद्योग उभा केला. २००५ च्या दुरुस्तीने त्या कायद्याला मुरड पडली, तरी सक्तीच्या परवान्याची तरतूद शाबूत राहिली. तिच्याच आधारे २०१२ साली कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. निव्होल्युमॅबच्या भारतीय पेटंटची मुदत मे २०२६ पर्यंतचीच. अशा औषधांच्या देशी आवृत्त्यांना वेळेत मान्यता देणे आणि सरकारी रुग्णालयांनी त्यांची एकत्रित खरेदी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

कार्यकर्त्यांच्या दृष्टीने यातून काही मागण्या स्पष्ट होतात. क्षयाच्या औषधांनी गुण न आलेल्या प्रत्येक रुग्णाची कर्करोगासाठी तपासणी व्हावी. किरणोपचारांचे यंत्र आणि ते चालवणारे तंत्रज्ञ जिल्ह्याच्या टप्प्यात यावेत, आणि उपचारकाळात बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. जनुकीय तपासणी मोफत व्हावी. फुप्फुसाच्या कर्करोगातील अल्प मात्रेची बहुकेंद्री चाचणी सरकारी खर्चाने हाती घ्यावी. एखाद्या सहकाऱ्याच्या इंजेक्शनसाठी वर्गणी गोळा करणे हे माणुसकीचे काम आहे, आणि ते होतच राहील. पण ती वर्गणी देण्यापूर्वी, घरचा जमिनीचा तुकडा विकण्यापूर्वी, हे औषध या रुग्णाला लागू आहे काय आणि ते किती पुरेल, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारले गेले पाहिजेत. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांजवळ नसेल, तर ते शासनाकडे मागितले पाहिजे.