कुंडीतील वाफसा

शेतीच्या पत्रिकेत शोभेच्या झाडाला स्थान कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. ज्या झाडापासून धान्य मिळत नाही, फळ मिळत नाही, त्याची चर्चा हौशी लोकांनी करावी आणि शेतकऱ्याने आपले पीक पाहावे, हे म्हणणे वरवर पाहता रास्त वाटते. तथापि रोपवाटिकांतून ‘जेड’ या नावाने विकले जाणारे लहान गोल पानांचे झाड आता खेड्यापाड्यांतील घरांच्या ओट्यांवरही दिसू लागले आहे; आणि ते ज्या कारणाने मरते, त्याच कारणाने कित्येक शेतांतील पिके खुरटतात. म्हणूनच या लहानशा झाडाकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

या झाडाचे शास्त्रीय नाव पोर्तुलाकारिया आफ्रा असे आहे. आपल्या परिचयाच्या घोळीच्या भाजीशी, म्हणजे पोर्तुलाकाशी, असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. मोठ्या जाड पानांचे जेड म्हणून जे झाड मिळते ते क्रासुला होय. ते निराळ्या कुळातील आहे. लहान पानांच्या जेडची कोवळी खोडे तांबूस असतात, त्यावरून ते ओळखावे.

त्याचे मूळ स्थान दक्षिण आफ्रिका. त्या देशाच्या पूर्व केप प्रांतातील कोरड्या, काटेरी रानांत ते पुरुषभर उंच वाढते आणि हत्ती ते आवडीने खातात. ॲडो येथे हत्तींच्या रक्षणासाठी १९३१ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेथील हत्तींच्या आहारात या झाडाचा मोठा वाटा आहे. हत्ती शेंडे खातो. जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्या मुळ्या धरतात आणि झाड पसरत राहते. शेळ्या मात्र खालूनच खातात. त्यामुळे अति चराई झालेल्या भागांतील ही राने उजाड झाली.

कमी पावसाच्या अशा प्रदेशात तगण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. ओल पुरेशी असेल तेव्हा ते सामान्य झाडांप्रमाणे दिवसा पर्णरंध्रे उघडते. पाण्याची टंचाई भासताच ते दिवसा रंध्रे मिटून घेते व रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री आत घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने पानांत साठतो. यामुळेच त्याची पाने सकाळी अधिक आंबट लागतात. असे काटकसरी झाड आपल्या घरी येते आणि त्याला रोज तांब्याभर पाणी घातले जाते!

घरोघरी हे झाड बहुधा तहानेने मरत नाही, ते बुडून मरते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधील सर्व पोकळी पाण्याने भरून राहिली की मुळे गुदमरतात, कुजतात आणि मग मातीत पाणी असूनही झाडाला ते घेता येत नाही. पाने पिवळी, पाणचट होऊन गळू लागतात, बुंधा मऊ पडतो. ते पाहून घरातील माणूस झाड सुकले असे समजून आणखी पाणी ओततो. येथे प्रेमाची उणीव नसते, परीक्षेची असते.

परीक्षा सोपी आहे. कुंडीच्या मातीत बोट दोन पेरे खोल घालावे. ओल लागल्यास पाणी देऊ नये. माती कोरडी लागल्यास तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पानांवर किंचित सुरकुत्या पडल्या तरी घाबरू नये. पाणी मिळताच ती पुन्हा भरतात. कुजलेले मूळ मात्र पुन्हा जिवंत होत नाही. पावसाळ्यात कुंडी वळचणीपासून दूर, परंतु उजेडात ठेवावी.

कुंडीसाठी निव्वळ काळी माती वापरू नये. मुरमाड किंवा तांबडी माती, जाड वाळू अथवा विटांचा चुरा आणि चांगले कुजलेले खत ही समभाग घ्यावीत. कुंडीला भोक अवश्य असावे. त्यावर खापराचा एक तुकडा ठेवला म्हणजे माती वाहून जात नाही. झाडाला दिवसातून चार-पाच तास ऊन मिळावे, मात्र सावलीतील झाड एकदम कडक उन्हात न आणता हळूहळू सरकवावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा.

नवे रोप विकत घेण्याचे कारण नाही. बोटभर लांबीची फांदी कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवावी. काप सुकल्यावर ती किंचित ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचावी आणि पाण्याची घाई करू नये. उबदार हवेत सुमारे महिनाभरात तिला मुळ्या फुटतात.

या झाडाविषयी अनेक वावड्याही उठतात. ते घरात लक्ष्मी आणते, खोलीतील हवा शुद्ध करते, मोठ्या वृक्षांहून कितीतरी अधिक कर्बवायू शोषते, असे सांगून ते विकले जाते. वीतभर कुंडीतील झाडाने खोलीच्या हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा समजुतींना दुजोरा देऊ नये. झाडाबाबत एक अवास्तव गोष्ट सांगणाऱ्याच्या बियाण्याविषयीच्या सल्ल्यावर शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा?

या झाडाचा खरा उपयोग निराळा आहे. शेतकऱ्याला ‘वाफसा’ हा शब्द नवा नाही. माती ओलसर आहे पण चिखल नाही, मुठीत धरल्यास गोळा होतो व दाबल्यास फुटतो, ही अवस्था तो पेरणीच्या वेळी अचूक ओळखतो. उभ्या पिकाला पाणी देताना मात्र या ज्ञानाचा अनेकदा विसर पडतो. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णाकाठच्या काळ्या, कसदार जमिनी अतिरिक्त पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे पाणथळ व क्षारयुक्त झाल्या. ज्या शेतांत ऊस डोलत होता, त्यांपैकी काहींत आज पांढरे क्षार दिसतात.

हा दोष सर्वस्वी शेतकऱ्याचा नाही. कालव्याची पुढील पाळी केव्हा येईल याची शाश्वती नसते, वीज अवेळी येते; मग मिळेल तेवढे पाणी घ्यावे असे वाटणे साहजिक आहे. निचऱ्याचे चर काढणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलेही नसते. परंतु पाणी हाताशी असतानाही मातीला न विचारता ते सोडून देण्याची सवय मोडणे, हे ज्याचे त्याच्या हाती आहे.

पुस्तकी व्याख्यानाने ही सवय मोडत नाही. शाळेत किंवा चावडीवर जेडच्या दोन कुंड्या ठेवाव्यात. एकीला रोज पाणी घालावे, दुसरीला बोट घालून पाहिल्यावरच. पावसाळा सरेपर्यंत दोहोंतील फरक मुलांनाही कळेल, आणि तो मुलांना कळला की घरच्या बांधापर्यंत पोहोचेल. कुंडीत चूक झाल्यास एक फांदी वाया जाते. शेतात झाल्यास पुढल्या पिढीची जमीन जाते. धडा घ्यावयाचाच तर तो कुंडीत घेतलेला बरा.